फ्रॉड एक्झामिनर लावावा का? औषधाच्या होलसेलमधला आमचा अनुभव

पैसे परत मिळाले का? नाही. फी वसूल झाली का? पुरेपूर. धंद्यातल्या ओळखीच्या लोकांना या दोन उत्तरांचा मेळ लागत नाही आणि जो तो फोन करून खोदून खोदून विचारतो, म्हणून ऑफिसातल्या अफरातफरीसाठी आम्ही फ्रॉड एक्झामिनर, म्हणजे घोटाळ्याचा माग काढणारा तज्ज्ञ, लावला त्याचं एकदाच सगळं लिहून काढते.

आमचं सांगलीत औषधांचं होलसेल आहे. सासऱ्यांनी उभं केलेलं, आता मी आणि धाकटे दीर बघतो. मिरज, तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत या लाईनींवरची मेडिकल दुकानं आमची गिऱ्हाइकं. माल उधारीवर जातो, वसुलीला माणूस फिरतो, ऑफिसात सासऱ्यांच्या वेळचे दिवाणजी बसतात आणि पावत्या आणि क्रेडिट नोटा (गिऱ्हाइकाच्या बाकीतून रक्कम वजा करायच्या चिठ्ठ्या) कॉम्प्युटरवर चढवायला एक कारकून होता. हुशार, नम्र, कधी रजा न घेणारा.

जतच्या एका दुकानदाराचा फोन आला. "वैनी, तुमचा माणूस बाकी मागतोय. ती तर मी दिवाळीच्या आधीच भागवलीय की. पावती बी हाय माझ्याकडं." पावतीचा फोटो आला. पावती आमची, शिक्का आमचा, आणि आमच्या खात्यात त्या रकमेचा पत्ता नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्याला सहज म्हणून विचारलं तर तिथेही तेच.

घरात दोन तट पडले. भाऊजी म्हणाले, दिवाणजींच्या आयडीवरून नोंदी झाल्यात म्हणजे दिवाणजीच. त्याच संध्याकाळी त्यांना पोलिसात न्यायला निघाले होते. "दोन लगावल्या की पोपटासारखे बोलतील." ज्या माणसाने भाऊजींना लहानपणी शाळेत सोडलं, त्याच्याबद्दल हे बोलणं. रागाच्या भरात माणूस काय बोलेल नेम नाही. मी त्यांना सीएसाहेबांकडे घेऊन गेले, तर तिथे त्यांनी सीएसाहेबांनाच धारेवर धरलं: दरवर्षी ऑडिट करता, मग हे दिसलं कसं नाही?

सीएसाहेब शांतपणे म्हणाले, "वहिनी, ऑडिटर नमुन्याला बिलं काढून बघतो आणि ताळेबंदावर मत देतो. एकेका पावतीच्या मागे लागणं हे आमचं काम नाही." १८९६ सालच्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी म्हणून ठेवलंय की ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे, सीएच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य पाठच असतं म्हणे. "माग काढणारा माणूस वेगळा लागतो. आणि तो मी नसलेलाच बरा, कारण त्याला माझ्याही फायली बघाव्या लागतील." हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

माणूस शोधताना कळलं की आपल्याकडे 'फॉरेन्सिक ऑडिटर' अशी पाटी कुणीही लावतो. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. एक, सीएफई आहात का. म्हणजे सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर. एसीएफई नावाची संघटना अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला आहे, १९८८ पासूनची, ती परीक्षा घेऊन हे प्रमाणपत्र देते. परीक्षेत घोटाळ्यांचे प्रकार, कायदा, तपास आणि प्रतिबंध असे चार भाग. सीएफई सीएच असतो असं नाही. माजी पोलिस, वकील, बँकेच्या दक्षता विभागातले लोकही असतात. दोन, सीए असाल तर आयसीएआयची, म्हणजे सीएंच्या देशपातळीवरच्या संस्थेची, फॉरेन्सिक अकाउंटिंगची मानकं पाळता का. ही मानकं १ जुलै २०२३ पासून सीएंना बंधनकारक आहेत. एका फर्मच्या साहेबांना हा दुसरा प्रश्न विचारला, तर त्यांनी विषय बदलून "आम्ही महिन्याभरात चोर हातात देतो" अशी ग्वाही दिली. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी पुण्याच्या एका लहान फर्मला काम दिलं. प्रमुख एक बाई, सीए आणि सीएफई दोन्ही, आणि त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरचं बघणारा एक पोरगेलासा मुलगा. बाईंना आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर एक पत्र पुढे ठेवलं. कोणता काळ तपासायचा, कुठली खाती, अहवाल कुणाच्या हातात द्यायचा, वकिलांमार्फत द्यायचा की थेट, सगळं त्यात. आणि एक कलम होतं ज्यावर भाऊजी अडून बसले: आम्ही कोणालाही दोषी किंवा निर्दोष ठरवणार नाही. "मग पैसे कशाचे देतोय?" भाऊजींचा प्रश्न चुकीचा नव्हता. मॅडम म्हणाल्या, ही आमच्या संघटनेच्या आचारसंहितेतलीच अट आहे. कोणी काय केलं, कधी केलं, कुठल्या कागदावरून दिसतं, हे आम्ही सांगू. गुन्हा झाला की नाही हे कोर्ट सांगेल. भाऊजींनी सही केली, पण तोंड वाकडं करून.

दुसरी अट घरात जास्त जड गेली. तपास चालू आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. वसुलीच्या माणसाला नाही, दिवाणजींना नाही, घरात जावेलाही नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्याला विचारा हे किती सोपं असतं.

शनिवारी रात्री दुकान बंद झाल्यावर तो मुलगा आला. कारकुनाच्या कॉम्प्युटरची डिस्क काढली, मधे एक छोटी डबी जोडली. त्या डबीमुळे डिस्कवरचं वाचता येतं पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग हुबेहूब प्रत काढायला लावून तो बसला. मला वाटलं होतं पेन ड्राइव्हवर फायली घेतील आणि जातील. प्रत पूर्ण झाल्यावर पडद्यावर चौसष्ट अक्षरांची एक ओळ आली, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली. त्याला ते हॅश म्हणतात. डिस्कवरचा एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते. त्याने ती मला मोठ्याने वाचायला लावली, स्वतः कागदाशी ताडून बघितली, खाली दोघांच्या सह्या, तारीख, वेळ. मूळ डिस्क पाकिटात घालून मोहोरबंद. मी म्हटलं, एवढा खटाटोप? तर म्हणाला, "मॅडम, उद्या त्यांचा वकील म्हणेल की नोंदी तुम्हीच घुसडल्या. तेव्हा ही एक ओळ बोलेल." १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावाच लागतो. प्रमाणपत्राचे दोन भाग: पहिल्यावर ज्याच्या ताब्यात कॉम्प्युटर आहे त्याची सही, म्हणजे माझी, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. आमच्याच एका नातेवाइकांनी मागे आपल्या प्रकरणात नुसते स्क्रीनशॉट काढून नेले होते, त्यांना वकिलांनी दारातूनच परत पाठवलं होतं. फी कशाची, हे त्या रात्री मला निम्मं कळलं.

आता घोटाळ्याकडे येते.

औषधाच्या होलसेलमध्ये भोक पडायच्या दोन जागा: वसुली आणि एक्सपायरी. वसुलीतली युक्ती जुनीच. विट्याच्या दुकानदाराने रोख दिली, ती खिशात. पुढच्या आठवड्यात तासगावची रक्कम आली ती विट्याच्या खात्याला जमा. मग तासगावचं भोक मिरजेच्या पैशाने बुजवायचं. याची टोपी त्याला, असं महिनोन् महिने. मॅडमनी पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रती, बँकेत भरणा केलेल्या स्लिपा आणि खात्यातली नोंद असे तीन रकाने समोरासमोर मांडले. दुकानदाराने दिलेली तारीख आणि खात्यातली तारीख यांतलं अंतर सुरुवातीला तीन-चार दिवस, मग पंधरा, मग महिना, मग दोन महिने. अंतर वाढत जाणं हीच खूण. पाणी नाकापर्यंत आल्यावर जतसारख्या लांबच्या दुकानदाराची बाकी मागायची वेळ आली आणि फोन आला.

एक्सपायरीतली युक्ती मात्र मला नवी होती, आणि तिचं कौतुक करू नये तरी करावंसं वाटतं. मुदत संपलेली औषधं दुकानदार आमच्याकडे परत करतात, आम्ही त्याला क्रेडिट नोट देतो, पुढे कंपनीकडून वळती करून घेतो. पाच हजारांवरच्या क्रेडिट नोटेला भाऊजींची सही लागते. मॅडमनी दोन वर्षांच्या सगळ्या नोटा काढल्या आणि रकमेचा पहिला आकडा मोजला. बेनफर्डचा नियम म्हणून एक गणित आहे: आपोआप साचत गेलेल्या रकमांमध्ये १ ने सुरू होणाऱ्या साधारण ३० टक्के असतात, ४ ने सुरू होणाऱ्या पावणेदहा टक्क्यांच्या आसपास, ९ ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी. फ्रँक बेनफर्ड नावाच्या माणसाने १९३८ मध्ये हे मांडलं, पण त्याच्याही आधी १८८१ मध्ये सायमन न्यूकॉम्ब या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं. आमच्या नोटांच्या आलेखात ४ च्या जागी टेंगूळ आलं होतं. ४,८५०, ४,९२०, ४,९६०, पुन्हा ४,८८०. सहीच्या उंबऱ्याच्या अलीकडे येऊन थांबलेल्या रकमा. मॅडमनी लगेच बजावलं की हा पुरावा नाही, कुठे खणायचं ते सांगणारी खूण आहे फक्त. आपल्या मालाच्या किमतीच तशा असत्या तरी असं टेंगूळ आलं असतं.

खणल्यावर काय निघालं? प्रत्येक क्रेडिट नोटेवर औषधाचा बॅच नंबर असतो. त्यांनी नोटेवरचे बॅच नंबर आमच्या खरेदीच्या बिलांशी लावून बघितले. काही बॅच आम्ही कधी विकतच घेतलेल्या नव्हत्या. आणि खोकल्याच्या एका औषधाची बॅच तर अशी निघाली की 'मुदत संपली' म्हणून ती परत आल्याची नोंद होती, आणि बाटलीवरची मुदत संपायला अजून सव्वा वर्ष बाकी होतं. ती बॅच आमच्या गोडाऊनमध्येच होती. मी स्वतः जाऊन खोका फोडून बाटली आणली आणि टेबलावर ठेवली. भाऊजी त्या बाटलीकडे बघतच राहिले.

कंपनीकडे वळती करायला अशा नोटा कधी पाठवल्याच गेल्या नव्हत्या. दुकानदाराच्या खात्यावर खोटी सूट, आणि तेवढीच त्याने दिलेली रोख खिशात. दुकानदाराची बाकी बरोबर दिसते, म्हणून तो तक्रार करत नाही.

आता दिवाणजी. सगळ्या खोट्या नोटा त्यांच्या आयडीने चढलेल्या होत्या, हे खरं. सॉफ्टवेअर कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवतं. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे; आम्ही पार्टनरशिप, आम्हाला सक्ती नाही, पण सोय होती. मॅडमनी त्या नोंदींच्या तारखा आणि वेळा घेतल्या आणि हजेरीबुक मागितलं. दिवाणजी दर पौर्णिमेला सुट्टी घेऊन नरसोबाच्या वाडीला जातात. सासऱ्यांच्या काळापासूनचा नेम, पाऊस असो पूर असो. आणि त्यांच्या आयडीवरच्या खोट्या नोटांपैकी कितीतरी बरोबर पौर्णिमेच्या होत्या. उरलेल्यांच्या वेळा दुपारच्या, दिवाणजी बँकेत भरणा करायला गेलेले असतानाच्या. भरण्याच्या स्लिपेवर बँकेची वेळ छापलेली. त्यांचा पासवर्ड त्यांनीच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता, तो ऑफिसात कुणालाही ठाऊक.

अहवालातल्या या एका पानासाठी मी सगळी फी पुन्हा देईन. व्हाइट-कॉलर गुन्ह्याबद्दल बोलताना सगळे चोर कसा सापडला तेच विचारतात. ज्याच्यावर आळ आला तो सुटला कसा, हे कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी भाऊजींनी दिवाणजींना पोलिसात नेलं असतं, तर खरा माणूस दुसऱ्या दिवशी सगळं पुसून मोकळा झाला असता.

कारकुनाशी बोलणं सगळ्यात शेवटी झालं. आधी वसुलीचा माणूस, मग गोडाऊनचा पोऱ्या, मग दिवाणजी, आणि मग तो. हा क्रमही ठरवून. मी खोलीत नव्हते, मालकाने थांबायचं नसतं. मॅडम आणि तो मुलगा दोघंच. दाराला कडी लावलेली नाही, त्याला हवं तेव्हा उठून जाता येईल असं आधीच सांगितलेलं. भाऊजींना ताकीद दिली होती की "कबूल कर, सोडून देतो" किंवा "नाहीतर बघून घेईन" यातलं एक अक्षरही कुणी बोलायचं नाही. आमिष किंवा धाक दाखवून घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही.

निवेदन मी नंतर वाचलं. मॅडमनी आरोप केलाच नाही. एक्सपायरीची क्रेडिट नोट कशी करतात ते मला नीट समजावून सांगा, एवढंच विचारलं. त्याने छान समजावून सांगितलं, बॅच नंबर कसा तपासायचा तेही. मग त्यांनी ती खोकल्याच्या औषधाची नोट पुढे सरकवली आणि शेजारी बाटली ठेवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, मी सगळं लिहून ठेवलंय. परत भरणारच होतो." आणि खिशातून छोटी डायरी काढली. कुणाचे किती फिरवले, खरी बाकी किती, पैन् पैचा हिशोब. टोप्या फिरवणाऱ्याला खरा हिशोब कुठेतरी ठेवावाच लागतो, नाहीतर त्याचाच गोंधळ होईल, हे मॅडमना ठाऊक होतं. त्या डायरीचीच वाट बघत होत्या.

पैसे कुठे गेले? मोबाइलवरच्या एफ अँड ओमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्याप्रमाणे आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये या बाजारातले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. हा त्यांतलाच एक. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ मध्ये मांडलं होतं की असा माणूस स्वतःला चोर समजत नाही. त्याला कुणाला सांगता न येण्याजोगी अडचण असते, संधी दिसते, आणि 'उसने घेतोय' अशी तो मनाची समजूत घालतो. आमच्या कारकुनाच्या निवेदनात 'उसने' हा शब्द तीनदा आलाय.

रजा न घेणं हीही खूणच होती. रजेवर गेलं की दुसरा माणूस नोंदी बघणार. बँकांमध्ये संवेदनशील जागांवरच्या माणसाला वर्षातून किमान दहा कामाचे दिवस अचानक सक्तीच्या रजेवर पाठवावं असा रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे. आम्ही मात्र त्याला दोनदा दिवाळीला जास्तीचा बोनस दिला होता, रजा घेत नाही म्हणून.

आता तक्रारी, कारण सगळं गोड गोड लिहिलं तर हे परीक्षण कसलं.

अहवाल इंग्रजीत. जाडजूड, परिशिष्टं लावलेला, प्रत्येक वाक्याला कागदाचा क्रमांक, सगळं उत्तम, पण इंग्रजीत. आर्थिक गुन्हे शाखेतल्या अधिकाऱ्यांनी पहिली चार पानं चाळली आणि म्हणाले, "मराठीत सारांश आणा, ताई." मॅडमच्या ऑफिसने मराठी सारांशाचे वेगळे पैसे लावले आणि जो सारांश आला तो वाचून मला हसावं की रडावं कळेना, शब्दाला शब्द ठेवलेलं सरकारी भाषांतर. शेवटी मी आणि दिवाणजींनी बसून तो पुन्हा लिहिला. सांगली-सोलापूर-लातूरकडे काम करायचं तर मराठी अहवाल मूळ फीतच धरायला हवा.

दुसरं, प्रवासखर्च. पुण्याहून मिरजेला रेल्वे आहे, तरी प्रत्येक वेळी टॅक्सी. आधी ठरवून घ्या. तिसरं, सांगितलेल्या मुदतीला काम झालं नाही, आणि उशीर होतोय हे आपणहून कळवलंही नाही. चौथं, त्या मुलाची बोलण्याची तऱ्हा. दिवाणजींना "आजोबा, तुम्हाला नाही कळणार" असं म्हणाला. दिवाणजी कॉम्प्युटर येण्याआधी बत्तीस रकान्यांची खतावणी हाताने जुळवत होते, हे त्याला कुणी सांगायचं?

आणि कोर्टात साक्षीला यायची फी वेगळी, दर तारखेला. हे पत्रात लिहिलेलं होतं, लपवाछपवी नाही. पण आपल्याकडे तारखा कशा पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

फी एकूण तीन लाखांच्या आतबाहेर, वर १८ टक्के जीएसटी. कागद नीट असतील तर कमी होते. आमच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे उंदरांच्या तावडीतून सोडवण्यातच बरेच तास गेले आणि त्या तासांचंही बिल आलं.

अहवालातली एक बारीक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती साध्या हिशोबनिसाच्या डोक्यात आली नसती. आमचा घोटाळा १ जुलै २०२४ च्या आधीपासून नंतरपर्यंत चाललेला. त्या दिवशी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. मॅडमनी तक्ता त्या तारखेवर मधोमध तोडला. आधीचे व्यवहार वेगळे, बेरीज वेगळी, त्यांना जुनी कलमं ४०८ आणि ४७७-अ लागू शकतात. नंतरच्यांना नवी ३१६(४) आणि ३४४. नोकराने केलेला विश्वासघात आणि हिशोबात खोट्या नोंदी, दोन्हीकडे तेच गुन्हे, पण कलमं निराळी. फिर्याद लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो तक्ता बघून पहिल्यांदाच मान डोलावली. आमच्या वकिलांनीही.

काम संपल्यावर त्यांनी अर्धा दिवस आम्हाला आणि उरलेल्या माणसांना बसवून प्रतिबंधाचं सांगितलं. ते पॅकेजमध्ये होतं, आणि मला ते सगळ्यात आवडलं. मोठमोठी नावं घेऊन त्यांनी साधी गोष्ट सांगितली. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदात ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक दाखवली होती जी अस्तित्वातच नव्हती. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच ते लिहून दिलं. पीएमसी बँकेत २१,०४९ खोटी खाती दाखवून एका बिल्डर गटाची थकलेली कर्जं झाकली होती; २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. आमच्या मावससासूबाईंचा त्यात जीव अडकला होता, त्यामुळे हे उदाहरण घरात लगेच पोचलं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांत मिळून १२२ कोटींची रोकड कमी निघाली. हे कळलं कशाने? रिझर्व्ह बँकेच्या लोकांनी तिजोरी उघडून नोटा मोजल्या. "रोकड मोजा, बाकी समोरच्याला थेट विचारा, माल हाताने बघा," मॅडम म्हणाल्या. "गणितं आमच्याकडे खूप आहेत, पण निम्मे घोटाळे एवढ्यानेच निघतात."

तेव्हापासून आम्ही दर सहा महिन्यांनी प्रत्येक दुकानदाराला बाकीचं पत्र पाठवतो, आणि उत्तर थेट माझ्या नंबरावर येतं, ऑफिसच्या नाही. खबर द्यायला मार्ग ठेवा, हाही त्यांचाच आग्रह. त्यांच्या संघटनेच्या २०२४ च्या जागतिक अहवालात १,९२१ प्रकरणं होती, त्यांतली ४३ टक्के कुणाच्या तरी खबरीवरून उघडी पडली होती. बाहेरच्या ऑडिटमधून फक्त ३ टक्के. हा आकडा ऐकल्यावर भाऊजींनी सीएसाहेबांना फोन केला. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण यंदाही ऑडिट त्यांच्याकडेच आहे.

कुणी लावू नये ही सेवा? नुकसान लाखभराच्या आत असेल तर नकोच, फीच जास्त होईल. पतसंस्था, सहकारी बँक, हाउसिंग सोसायटी असेल तर आधी सहकार कायद्याचा रस्ता बघा. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी-निश्चिती आहे, उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सावकाश चालतं, पण खिशाला परवडतं. ठेवीदार म्हणून बुडाला असाल तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, तिथे एकट्यादुकट्याने एक्झामिनर लावून काही हाती लागत नाही. आणि ज्यांना फक्त नोकराला घाबरवायचंय त्यांनी तर मुळीच जाऊ नये. चांगला एक्झामिनर असलं काम घेणारच नाही.

मालकाला आपल्या माणसांपैकी कोण, हे जाणून कागदावर सिद्ध करायचं असेल, विमा कंपनीकडे दावा लावायचा असेल, भागीदारांत संशय शिरला असेल, तर जरूर जा. भागीदारीतल्या संशयाला तर दुसरा उपाय मला दिसत नाही.

आमचं प्रकरण कोर्टात आहे. वसुलीचा दिवाणी दावा वेगळा लावलाय, पण त्याच्या नावावर मोबाइलशिवाय काही नाही, तेव्हा त्यातून किती येईल याचा अंदाज तुम्हीच करा.

पाचपैकी चार. अर्धा मराठीसाठी कापला, अर्धा त्या "आजोबा" साठी. फर्मचं नाव प्रकरण चालू आहे तोवर सांगणार नाही, त्यामुळे त्यासाठी फोन करू नका. करारपत्रात काय काय लिहून घ्यायचं हे विचारायचं असेल तर दुपारी दोनच्या पुढे दुकानात या. सकाळी लाईनचा माल निघतो, तेव्हा बोलायला सवड नसते.